पण तिकिटं काढली आहेत ना!

मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ. उंबऱ्यापाशी कुणी शिंकलं तर तो दोन मिनिटं खोळंबतो, मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागं येतो, हातावर दही पडल्याशिवाय परीक्षेलासुद्धा जात नाही. सुखरूप परत येण्याची एवढी खबरदारी घेणारा समाज शोधून सापडायचा नाही. पण हाच माणूस, घरातल्या कुणाच्या छातीत कळ आडवी गेली, तर मात्र थांबत नाही. कारण? कारण तिकिटं काढली आहेत!

'तिकिटं काढली आहेत' हे आपल्याकडचं शेवटचं वाक्य आहे. त्यावर अपील नाही. साखरपुडा मोडता येतो, भागीदारी मोडता येते, सरकारं तर एका रात्रीत मोडतात. पण काढलेलं तिकीट मोडायचं म्हटलं की घरात सुतक पडतं.

"मला जरा कसंतरी होतंय हो..."

"होईल बरं. गाडीत बसलीस की वारं लागेल."

वारं! जणू काही ती गाडी रेल्वेने नाही, प्रत्यक्ष धन्वंतरीने सोडली आहे.

वाचकहो, या वाक्याविरुद्ध मला फिर्याद गुदरायची आहे. विनोदी लिहिणाऱ्याने फिर्याद केली की लोक आधीच हसायला लागतात. खुशाल हसा, पण हसता हसता ऐका, कारण मामला कुणाच्या तरी जिवाचा आहे.

या वाक्याचा एक धाकटा भाऊ आहे. त्याचं नाव 'नेमकं'. "नेमकं आत्ताच आजारी पडायचं होतं!" हे उद्गार आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. यात गृहीत असं की आजाऱ्याच्या हातात कॅलेंडर होतं, त्याने ते नीट चाळलं, जूनमधले आणि ऑगस्टमधले सगळे सोयीचे दिवस डावलले आणि मुद्दाम ट्रीपच्या आदल्या दिवसावर बोट ठेवलं. दुखण्याला मुहूर्त नसतो हे लग्नाचा मुहूर्त सेकंदापर्यंत पाळणाऱ्यांना पटवणं कठीण आहे.

आमच्या नात्यात एक गृहस्थ आहेत. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांचं अपेंडिक्स दुखावलं आणि सबंध कुटुंबाची महाबळेश्वरची सहल रद्द झाली. ऑपरेशन वेळेवर झालं, मुलगा वाचला. आज ते पन्नाशीला आले आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, पण कुठल्याही लग्नाकार्यात त्यांची ओळख करून दिली जाते ती "हा तो, महाबळेश्वर बुडवणारा!" अशी. सगळे हसतात. तेही हसतात. ते अपेंडिक्स फुटलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी विचारत नाही. स्ट्रॉबेऱ्या हुकल्या, हे मात्र तीन पिढ्यांना पाठ आहे.

ही थट्टा निरुपद्रवी असती तर मी कागद खराब केला नसता. पण ही थट्टा सबंध घर ऐकत असतं आणि त्यातून ज्याने त्याने आपापला धडा घेतलेला असतो. धडा असा की काहीही होवो, ट्रीप बुडवणारा आपण व्हायचं नाही.

माझ्या आईने हा धडा तीस-पस्तीस वर्षं गिरवला होता. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही सातजण केरळला निघालो होतो. म्हणजे निघणार होतो. त्या वेळी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. त्या दिवशी आमचा मेहुणा सकाळी आठच्या ठोक्याला दोन मोबाईल आणि एक लॅपटॉप घेऊन असा बसला होता, की आगगाडीचं तिकीट काढतोय की चांद्रयान सोडतोय ते कळू नये. नेत्रावती एक्सप्रेसची सातही तिकिटं मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मुन्नारची हॉटेलं झाली, अलेप्पीची हाऊसबोट झाली, व्हॉट्सॲपवर 'चलो केरळ' नावाचा ग्रुप झाला. निघायच्या चार दिवस आधी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं यांची मोजदाद सुरू झाली. तेवढ्यात आईची पाठ दुखायला लागली.

म्हणजे पाठ आणि जबडा. जिना चढताना दुखायचं, बसलं की थांबायचं. आईने हे कुणालाच सांगितलं नाही. विचारलं तर उत्तर तयार : "बॅग बंद करायला तिच्यावर बसले ना, त्यानं पाठ भरली." डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. हे दुखणं उघडकीला आणलं आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. आदल्या दिवशी संध्याकाळी, पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "आजी दोन दिस झाले मधल्या जिन्यात बसत्यात. मला म्हनल्या, कुनाला सांगू नगंस, पोरांची तिकिटं काढल्याती."

त्या रात्री दहाच्या सुमाराला आईला दरदरून घाम फुटला. साडेदहाला आम्ही रुग्णालयात होतो.

आता इथे दोन घड्याळं टिकटिकत होती. एक रेल्वेचं. नोव्हेंबर २०१५ पासूनचा त्या वेळचा नियम असा होता : गाडी सुटायला ४८ तासांहून जास्त अवधी असेल तर ठरावीक रक्कम कापायची, ४८ ते १२ तासांत पाव भाडं, १२ ते ४ तासांत निम्मं आणि ४ तासांच्या आत आलात तर रामराम! त्या घटकेला गाडी सुटायला साडेबारा तास राहिले होते. मेहुण्याने मोबाईल काढला आणि कॉरिडॉरमध्ये माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "अर्धा तास आहे. आत्ता केलं तर पाव कापतील, नंतर निम्मे. की ई.सी.जी. येईपर्यंत थांबायचं?" बिचारा वाईट नव्हता. त्याच्या तोंडून तिकीटच बोलत होतं.

दुसरं घड्याळ हृदयाचं. त्यालाही १२ तासांचा नियम आहे, हे मला त्या रात्री कळलं. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की ती उघडण्याचा उपचार साधारणपणे १२ तासांच्या आत व्हावा लागतो आणि त्यातही जितक्या लवकर तितकं बरं. पहिला तास तर सोन्याचा. कारण स्नायू मरायला मिनिटांच्या हिशेबाने सुरुवात होते आणि या खात्यात मेलेल्या स्नायूचा परतावा नाही, पाव नाही आणि निम्माही नाही. शिवाय बायकांच्या आणि मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत हे दुखणं सिनेमातल्यासारखं छातीवर हात ठेवून येतंच असं नाही. जबड्यात येतं, पाठीत येतं, दम लागून येतं, मळमळ होऊन येतं. आपण त्याला 'गॅस' म्हणतो आणि ओवा देतो. ओव्याबद्दल मला आदर आहे, पण रक्तवाहिनी उघडणं हे त्याचं काम नव्हे.

आईची रक्तवाहिनी मध्यरात्रीच्या आत उघडली. सकाळी शुद्धीवर आल्यावर ती काय म्हणाली असेल? "मी कुठे आहे?" नाही. "देवा, वाचवलंस!" नाही. नळ्या लावलेल्या हाताने माझा हात धरून ती म्हणाली, "माझ्यामुळे तुमची ट्रीप बुडाली रे."

या एका वाक्यापायी मी हा लेख लिहितोय. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईला माफी मागावीशी वाटते आणि तीही हाऊसबोटीसाठी!

भेटायला येणाऱ्यांनी तर कमाल केली. पहिला प्रश्न, "कसं आहे आता?" दुसरा लगेच, आवाज खाली आणून, "किती कापले?" शेजारचे अण्णा म्हणाले, "इन्शुरन्स नव्हता काढला?" मी म्हटलं, "अण्णा, आईचा की तिकिटाचा?" ते जरा विचार करून म्हणाले, "तिकिटाचा." आणि हे सगळं आईच्या उशाशी चाललेलं. ज्या खोलीत रोग्याचं रक्त पातळ ठेवायचे प्रयत्न चालू असतात, त्याच खोलीत लोक त्याच्या डोक्यावर खर्चाची पाटी ठेवून जातात.

पैसे बुडाले, हे मी नाकारत नाही. मध्यमवर्गीय माणसाची सहल वर्षभराच्या काटकसरीतून निघते. आमच्या सहल कंपनीच्या छापील अटींमध्ये 'अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क' कंपनीने स्वतःकडे राखून ठेवला होता. आमच्या अपरिहार्य कारणाला मात्र त्या कागदावर जागा नव्हती. डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज केला, तर निम्म्याहून कमी रक्कम परत आली. चीड आली, ती योग्य जागी, म्हणजे कंपनीवर काढली. रोग्यावर नाही. एवढा साधा फरक करायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

आणि हिशेबच करायचा तर पुरता करा. भरलेले पैसे गेलेलेच असतात. तुम्ही गाडीत बसलात तरी गेले, न बसलात तरी गेले. प्रश्न एवढाच उरतो, की त्या पैशांच्या मागोमाग माणूसही धाडायचा का? कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदाहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा एकटा कारबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्याच्या मधोमध आईला घाम फुटला असता तर सात तिकिटांचं आम्ही काय करणार होतो? वारा घालणार होतो?

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. "म्हणजे प्रत्येक शिंकेला ट्रीप रद्द करायची का?" मुळीच नाही. सर्दी घेऊन जा, गुडघे घेऊन जा, तोंड फुगवलेले जावई घेऊन जा. पण छातीवर ओझं, चालताना येणारी आणि थांबलं की जाणारी जबड्यातली, हातातली किंवा पाठीतली कळ, थंड घाम, धाप, अचानक वाकडं झालेलं तोंड किंवा अडखळलेली जीभ, यातलं काही दिसलं तर बॅगेची चेन लावत बसू नका. तडक रुग्णालय गाठा, नाहीतर १०८ फिरवा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून मिळते. तिला आरक्षण लागत नाही आणि वेटिंग लिस्टही नाही.

"पण मुलांचा केवढा हिरमोड होतो!" होतो. आमच्या मुलांचा दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी ती दशम्यांचा डबा घेऊन आजीच्या वॉर्डाबाहेर बसली होती आणि तिथल्या सिस्टरना पुऱ्या वाटत होती. त्या सिस्टर केरळच्या होत्या. मुलांनी त्यांच्याकडून मल्याळममध्ये दहापर्यंत आकडे शिकून घेतले. एवढं केरळ त्या वर्षी आमच्या वाट्याला आलं.

"लोक काय म्हणतील?" लोकांचं सोडा, रेल्वेचं ऐका. नोव्हेंबर २०२४ पासून तिने आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. कारण देताना सांगितलं, की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होतात. म्हणजे इतक्या आधी तिकीट काढणाऱ्या पाचांतला एक जण रद्द करतच होता. रद्द करणं हा काही कुळाला लागलेला बट्टा नव्हे. चार महिन्यांपुढचं सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रेल्वेला जे कळलं ते आपल्या घरातल्या थोरांना कळायला काय हरकत आहे?

म्हणून माझ्या मागण्या अगदी थोड्या आहेत. सहलीचा खर्च मांडताना 'रद्द झाल्यास' असा एक आकडा पहिल्या दिवशीच लिहा आणि तो गेला असं समजा. निघायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः कधीच तक्रार न करणाऱ्याला, चारचौघांत मोठ्याने सांगा : "काही होत असेल तर बोल. ट्रीप गेली खड्ड्यात." हे आपल्याला माहीतच आहे असं समजू नका, त्या माणसाला ते ऐकू आलं पाहिजे. रोग्याच्या उशाशी 'किती कापले' विचारणाऱ्याला चहा देऊ नका. आणि घरात कुणी 'महाबळेश्वर बुडवणारा' असेल तर त्याची ती पदवी आजच्या आज काढून घ्या.

तरीही पटत नसेल तर पंढरपूरला जाऊन बघा. पुंडलिकाच्या दारी साक्षात देव आला, तेव्हा तो आईबापांची सेवा करत होता. त्याने देवाकडे वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. देवाने "नेमकं आत्ताच?" असं विचारलं नाही. "माझा वेळ कापला जाईल" म्हणाला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभा आहे. आणि आपल्याला म्हणे अलेप्पीची हाऊसबोट थांबवता येत नाही!

घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो. त्या शब्दात यायचं वचन आहे, जायचं नाही. जायचं काय, पुढच्या वर्षी बघू.