कलन नेमके कुठे अडते?



तुमच्यापैकी बहुतेकजण आठवी ते दहावीत असणार. कलन, म्हणजे कॉलेजात ज्याला सारे कॅल्क्युलस म्हणतात ते, तुमच्या वाट्याला अजून आलेले नाही. परंतु घरात किंवा शेजारी एखादी ताई किंवा दादा बारावी सायन्सला असेल, तर हे नाव तुमच्या कानांवरून गेलेच असेल, आणि बहुधा कुरकुरीच्या सुरात. दहावीला गणितात नव्वदच्या वर गुण मिळवलेला मुलगा बारावीच्या पहिल्या चाचणीत कसाबसा काठावर येतो. जेवताना गप्प बसतो. मग एके दिवशी जाहीर करतो की सीईटीला गणिताचा गट द्यायचा नाही, जीवशास्त्राचा द्यायचा. ज्याने जीवशास्त्र घेतलेलेच नाही त्याला तेवढीही पळवाट नसते. अशा मुलांना अभियांत्रिकी, भौतिकी, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र हे सारे दरवाजे वयाच्या सतराव्या वर्षी आपल्या हाताने बंद करताना मी पाहतो. त्यांना मदत कशी करावी याविषयी माझे एक मत बनले आहे. ते तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडतो.

ज्या मुलाला कलन येत नाही, त्याचे घोडे बहुतेक वेळा कलनाच्या अलीकडेच पेंड खात असते. ते अडते आठवी-नववीच्या बीजगणितात, किंवा चिन्हे वाचण्यात. अशा मुलाला कलनाची आणखी शंभर उदाहरणे सोडवायला देणे किंवा आणखी एक शिकवणी लावणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. पालकांना हे पटत नाही याचे कारण उघड आहे. शिकवणी लावली की आपण काहीतरी केले असे वाटते, आणि जुने पुस्तक पुन्हा उघडणे कमीपणाचे वाटते.

एक उदाहरण देतो. बारावीची एक विद्यार्थिनी भौतिकीतली शंका घेऊन माझ्याकडे आली होती. अवकलनाची सूत्रे तिला तोंडपाठ होती. क्षच्या पाचव्या घाताचे अवकलन विचारले, तर माझे वाक्य संपण्याआधी उत्तर हजर. पण ‘हे सूत्र आले कुठून?’ असे विचारताच ती थांबली. मी तिला साधे फलन दिले : फ(क्ष) म्हणजे क्ष² + १. आता फ(क्ष + ह) लिही, म्हटले. तिने लिहिले : क्ष² + १ + ह. पुष्कळ मुले नेमके हेच लिहितात.

मी तिचे उत्तर खोडले नाही. क्षच्या जागी ३ घ्यायला सांगितले. तीनचा वर्ग नऊ आणि एक, झाले दहा. आता ह म्हणजे २ धर. तिच्या रीतीने उत्तर आले १२. मग मी विचारले, ‘तीन आणि दोन मिळून पाच. पाच घालून काय येते?’ पाचचा वर्ग पंचवीस आणि एक, सव्वीस. बारा आणि सव्वीस या दोन आकड्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तेव्हा मी तिला पिठाच्या गिरणीची आठवण करून दिली. फलन ही गिरणी आहे. वरच्या तोंडातून जे घालाल ते सगळेच्या सगळे दळून खाली यायला हवे. क्ष दळून झाल्यावर पिठाच्या डब्यात वरून मूठभर ह चे अख्खे दाणे टाकले, तर त्या पिठाच्या भाकरी होतील का? ती हसली आणि म्हणाली, ‘सर, म्हणजे ह पण आतूनच जायला पाहिजे.’ बस, एवढेच. वीस मिनिटांचे काम होते. त्यापूर्वी वर्षभर दोन ठिकाणच्या शिकवण्या चालू होत्या, आणि तिथे ही गाठ कुणाला दिसलीच नव्हती, कारण पाठ केलेल्या सूत्राने उत्तर बरोबर येत होते.

अशा जागा ठरलेल्या आहेत. बेरजेचा वर्ग करताना मधले पद विसरणे, अपूर्णांकात वर-खाली दिसेल ते अक्षर छाटून टाकणे, (क्ष + ह) च्या साइनचे क्षची साइन अधिक हची साइन असे तुकडे करणे, वर्गमुळाचे चिन्ह बेरजेवर वाटून देणे. यांपैकी साइन सोडली तर बाकी सारे तुमच्या आठवी-नववीच्या पुस्तकांत आहे. तेव्हा मित्रहो, दादाचे अडलेले गणित सोडवण्याइतके तुम्ही मोठे झालेले नसलात, तरी त्याची अडचण ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक आज तुमच्याच दप्तरात आहे. विस्तार सूत्रांचा धडा उघडून त्याच्या शेजारी जाऊन बसा. मला हे समजावून सांग, म्हणा. धाकट्याला शिकवताना मोठ्याच्या डोक्यातली कितीतरी धूळ झटकली जाते, आणि त्यात त्याचा मानही राहतो.

आता हेही खरे की कलनात स्वतःची अशी एक अवघड जागा आहे. ती म्हणजे सीमा, कॉलेजच्या भाषेत लिमिट. तिच्याकडे जरा सावकाश पाहू.

एसटीची बस तीन तासांत १२० किलोमीटर जाते. सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर. परंतु घाटाच्या वळणावर ड्रायव्हरपुढचा काटा २० दाखवतो आणि सपाटीवर ६०. ‘या क्षणाचा वेग’ म्हणजे काय? क्षणात अंतर शून्य, वेळही शून्य, मग भागाकार कशाचा करायचा? गच्चीवरून सोडलेल्या दगडाचे उदाहरण घ्या. हवेचा अडथळा सोडून दिला तर तो किती मीटर पडला हे काढायला सेकंदांच्या वर्गाला ४.९ ने गुणायचे. बरोबर दोन सेकंद झाले त्या क्षणी त्याचा वेग किती? दोन ते २.१ सेकंद या काळातला सरासरी वेग काढा. तो सेकंदाला २०.०९ मीटर येतो. दोन ते २.०१ या काळात १९.६४९. दोन ते २.००१ या काळात १९.६०४९. पुढे काय येणार हे आता तुम्हीच सांगाल. आकडे १९.६ कडे सरकत आहेत, आणि काळ जितका लहान घ्यावा तितके त्याच्या जवळ जात आहेत. हा १९.६ म्हणजे त्या क्षणाचा वेग.

हाच हिशेब अक्षरांनी करू. काळ ह सेकंदांचा घेतला, तर (२ + ह) च्या वर्गातून ४ वजा करायचे, ४.९ ने गुणायचे आणि ह ने भागायचे. विस्तार सूत्र वापरले की उरते १९.६ + ४.९ ह. ह लहान लहान होत गेला की दुसरे पद नाहीसे होत जाते. पाहा, या साऱ्या कृतीत नवे असे एकच पाऊल आहे, शेवटचे. बाकीची सारी मजल आठवीच्या सूत्राने मारली. ते सूत्र कच्चे असेल तर मुलगा नव्या पावलापर्यंत पोचतच नाही, आणि आपण मात्र म्हणतो की त्याला लिमिट समजत नाही.

काही मुले इथपर्यंत येऊन विचारतात, ‘ह ने भागताना तो शून्य नव्हता, मग शेवटी शून्य कसा धरला?’ असे विचारणाऱ्याला कृपा करून ढ समजू नका. लाइब्निट्झ याने कलनावरचा आपला पहिला लेख १६८४ साली छापला. न्यूटनने त्याच्याही आधी हे तंत्र स्वतंत्रपणे बसवले होते. त्यानंतर १७३४ साली जॉर्ज बर्कली या बिशपने ‘द ॲनालिस्ट’ या पुस्तकात नेमकी हीच शंका काढून गणितज्ञांना पेचात धरले. सीमेची कल्पना पुष्कळशी नीटनेटकी करून मांडणारे कोशीचे पाठ्यपुस्तक आले ते १८२१ साली, म्हणजे लाइब्निट्झच्या लेखानंतर १३७ वर्षांनी. युरोपातल्या मोठमोठ्या गणितज्ञांना जिथे एवढा काळ लागला, तिथे आपण मुलाला आठवड्याचे दोन तास देतो.

आपल्याकडेही या प्रश्नाला हात घातला गेला होता. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे त्या त्या क्षणाच्या गतीचा विचार आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या घराण्याची माहिती देणारा १२०७ सालचा शिलालेखही आहे. एवढ्यावरून कलनाचा शोध इथेच लागला असे भाषणात ठोकून देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण ‘या क्षणाची गती’ हा प्रश्न त्यांना पडला होता, आणि बारावीच्या मुलाला तोच प्रश्न पडला तर तो चांगल्या पंगतीला बसला आहे, असे मी म्हणेन.

मग आजच्या मुलाची अडचण इतकी का वाढते? पहिले कारण घाई. सीईटीच्या गणिताच्या पेपरात ९० मिनिटांत ५० प्रश्न असतात. एका प्रश्नाला १०८ सेकंद. म्हणून शिकवण्यांमधून पहिल्या दिवसापासून क्लृप्त्या शिकवल्या जातात. क्लृप्त्यांशी माझे वैर नाही. शेवटच्या दोन महिन्यांत त्या जरूर शिकाव्यात. पण रस्ता ठाऊक नसलेल्याला आडवाट दाखवली तर तो रानात शिरतो.

दुसरे कारण आम्हा भौतिकीच्या शिक्षकांना जवळचे आहे. २०१९ साली राज्य मंडळाची अकरावीची जी नवी पुस्तके आली, त्यांत भौतिकीचा दुसराच धडा गणिती पद्धतींचा होता आणि त्यात कलनाची तोंडओळख होती. गणिताच्या पुस्तकात मात्र अवकलनाचा धडा दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी. म्हणजे मुलाला जे हत्यार आम्ही जूनजुलैत वापरायला लावतो, ते कसे घडते हे त्याला वर्ष संपताना कळते. अशा वेळी भौतिकीच्या शिक्षकाने ‘ते गणितात येईल’ म्हणून पुढे जाऊ नये. एक तास, आलेखाचा कागद आणि वर दिला तसा दगडाचा तक्ता एवढे पुरते.

तिसरे कारण भाषेचे. मराठी शाळेतून आलेल्या मुलापुढे अकरावीत सारे शब्द एकदम इंग्रजी होऊन उभे राहतात. स्लोप म्हटले की तो बुजतो. पण तुम्ही दहावीत रेषेचा ‘चढ’ शिकता. घाट चढलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अवकलन म्हणजे वक्र रेषेचा त्या त्या जागेवरचा चढ, एवढे मराठीत एकदा मनात बसले की इंग्रजी नाव मागाहून सहज चिकटते. समाकलनाचेही तेच. नववीच्या विज्ञानात तुम्ही वेग-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून अंतर मिळवता ना? तेव्हा तुम्ही समाकलनच करत असता. फक्त तिथे आलेख सरळ रेषेचा असतो, पुढे तो वाकडा होतो.

कलन न शिकलेल्या आईवडिलांनी काय करावे, असे मला अनेकदा विचारले जाते. त्यांनी शिकवू नये, विचारावे. वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवून, ‘ही ओळ काय म्हणते, मला आपल्या भाषेत सांग,’ एवढेच म्हणावे. वहीत बरोबर आलेली ओळही मुलाला पुष्कळदा सांगता येत नाही. जिथे जीभ अडते तिथेच गाठ असते. ती सापडली की बोलून काही लावू नये. गुण, शेजाऱ्यांचा मुलगा, भरलेली फी, यांपैकी काहीही त्या अर्ध्या तासात काढू नये. रोज अर्धा तास पुरतो. दोन तास बसवले तर तिसऱ्या दिवशी मूल टाळाटाळ करू लागते. शिक्षकांनाही माझी हीच विनंती आहे. चाचणीत एखादा प्रश्न असा घाला की ज्यात आकडेमोड नाही, फक्त चार वाक्यांत सांगायचे आहे.

जाता जाता, दादाला किंवा ताईला विचारण्यासाठी एक प्रश्न देतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्राचे त्रिज्येनुसार अवकलन केले की परिघाचे सूत्र मिळते. गोलाच्या घनफळाचे केले की पृष्ठफळ मिळते. चौरसाचे मात्र तसे होत नाही. बाजूच्या वर्गाचे अवकलन बाजूची दुप्पट येते आणि परिमिती तर चौपट असते. बाकीच्या दोन बाजू गेल्या कुठे? त्यांना कागदावर एक चौरस काढून त्याची बाजू थोडीशी वाढवायला सांगा. चौरस कोणत्या कोणत्या कडांना वाढला ते रंगवून पाहायला लावा. नंतर बाजूऐवजी अर्धी बाजू घेऊन तेच पुन्हा करायला सांगा. आणि उत्तर तुम्हाला आधी सुचले, तर ते येईपर्यंत गप्प बसा.