मानधन की बलुते?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बौद्ध बंधुभगिनींनो,

आपापल्या गावच्या आशा स्वयंसेविकेचा मोबदला वाढला, ही वार्ता आपण ऐकलीच असेल. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला दरमहा ५,००० रुपये अधिक देण्याचे ठरविले व ती वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू केली. पुढे ४ मार्च २०२५ च्या बैठकीत राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या सुकाणू समितीने केंद्राकडून नित्याच्या कामाबद्दल मिळणारी मासिक रक्कम २,००० वरून ३,५०० रुपयांवर नेली. दहा वर्षे राबून काम सोडणाऱ्या आशाच्या हातावर निरोपादाखल जे २०,००० रुपये ठेवले जात, त्यांचेही ५०,००० केले. वार्ता चांगली आहे. ज्या घरी हा पैसा जाणार त्या घरच्या चुलीला तो हवाच आहे, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांस नाही.

परंतु ही वाढ कोणाच्या औदार्याने झाली असे जर कोणी आपणांस सांगू लागला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा व त्यांच्यावरील गटप्रवर्तक संपावर गेल्या. त्या वेळी आशांना ७,००० रुपये वाढ आणि २,००० रुपये दिवाळी भेट अशी घोषणा झाली. संप मिटला, वाढीचा शासन निर्णय मात्र निघेना. जानेवारी २०२४ मध्ये या बाया पुन्हा संपावर गेल्या, मुंबईच्या आझाद मैदानात उघड्यावर जाऊन बसल्या, तेव्हा कोठे मार्च महिन्यात निर्णय झाला, आणि तोपर्यंत साताचे पाच झाले होते. संप करणे हा कामकऱ्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकास विरोध करताना निक्षून सांगितले होते. ते स्वातंत्र्य या बायांनी वापरले म्हणून पाच तरी मिळाले.

आता त्या घोषणेतील 'दिवाळी भेट' या शब्दाकडे जरा पाहा. रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कायम कामगाराला दिवाळीत जो पैसा मिळतो त्यास बोनस म्हणतात. १९६५ च्या कायद्यापासून तो हक्काने मिळत आला आहे आणि मालकाने तो बुडविला तर त्याला जाब विचारता येतो. आशाला मिळते ती भेट. अंगणवाडी सेविकेच्या रकमेला तर सरकारी कागदात 'भाऊबीज भेट' असेच नाव आहे! म्हणजे सरकार भाऊ, सेविका बहीण. आणि ओवाळणीच्या तबकात किती पडले याचा हिशेब बहिणीने मागावयाचा नसतो.

भेट, मोबदला, प्रोत्साहन भत्ता, मानधन, इतकी नावे आशाच्या पैशाला आहेत. 'वेतन' हे एकच नाव त्यांत नाही, आणि ते चुकून राहिलेले नाही. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हाच तिला 'स्वयंसेविका' ठरविले गेले. स्वयंसेविकेला वेतन नसते. म्हणून किमान वेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची भरपगारी रजा नाही. कामागणिक पैसे मोजावयाचे. नवजात बालकाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी दिल्या की २५० रुपये. म्हणजे भेटीमागे बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण करून घेतल्या की बालकामागे १०० रुपये. वाडीवरच्या प्रत्येक गर्भवतीची नोंद करणारी, तिला दवाखान्यात नेणारी, तिचे बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून रात्र जागविणारी ही बाई स्वतः गरोदर राहिली, तर प्रसूतीच्या भरपगारी रजेचा कायदा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही, कारण त्याच्या लेखी ती कोणाची नोकरच नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी घेतली होती, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचा कायदा झाला. त्यास शतक होत आले.

आपल्यापैकी ज्यांच्या आज्यापणज्यांनी येसकरकी केली त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. पाटलाचा सांगावा पोहोचविणे, सरकारी टपाल पुढच्या गावी नेणे, मयताची खबर देण्यास भर उन्हात कोसचे कोस चालणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे वैरण टाकणे; या कामांना दिवस नव्हता की रात्र नव्हती. वतनदार महार आजारी पडला तर त्याच्या जागी घरातील दुसऱ्या कोणी जावयाचे, कारण राबणूक माणसाची नव्हती, घराण्याची होती. मोबदला काय? वतनाचा जमिनीचा तुकडा आणि खळ्यावरचे बलुते. त्या बलुत्याचे माप ज्याच्या खळ्याशी उभे राहावयाचे त्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले त्याचा रोख याच गोष्टीवर होता: काम सरकारचे असेल तर त्याची हद्द ठरवा, आणि गावकऱ्यांच्या मर्जीचे बलुते बंद करून सरकारने ठराविक रोख पगार द्यावा. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले.

आशाचे काम वतनी नाही आणि जातीवर नेमलेले नाही, हे आम्ही जाणतो. सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या स्त्रिया त्यात आहेत, तेव्हा उपमा वाजवीपेक्षा ताणण्याचे कारण नाही. तथापि ज्या कामाला घड्याळ नाही, ज्याला एक धनी नसून दहा आहेत, आणि ज्याचा मोबदला हक्काने न मिळता देणाऱ्याच्या कृपेने मिळतो, त्या कामाची जातकुळी कोणती, हे येसकराच्या नातवंडांनी नाही ओळखावयाचे तर कोणी?

कोणी म्हणेल, हे तर दिवसाकाठी दोन-तीन तासांचे काम. योजना आखताना कागदावर तसेच धरले होते. त्या गृहस्थाने आमच्याबरोबर कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव गणपती येथील भाड्याच्या खोल्यांच्या ओळींतून एक चक्कर मारावी. नियम हजार वस्तीमागे एक आशा असा आहे. पण येथे मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून कामगार येतात आणि महिना-दोन महिन्यांत खोली बदलतात; आज नोंदविलेली गर्भवती पुढच्या तपासणीस कोणत्या ओळीत राहील याचा भरवसा नाही. सणसवाडी-शिक्रापूरच्या रस्त्यालाही तीच गत. दौंडच्या भीमाकाठी राहू-केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांवरचे परप्रांतीय मजूर, आणि दिवाळी सरली की दोन्ही तालुक्यांच्या फडांत उतरणाऱ्या ऊसतोडकऱ्यांच्या कोपी. त्या कोपींतील पोरांच्या लसी चुकू नयेत म्हणून पहाटे, टोळी फडात जाण्यापूर्वी, गाठावे लागते. क्षयरोग्याला गोळ्या, कुष्ठरोगाची शोधमोहीम, रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज, आयुष्मान कार्डाची मोबाइलवरची नोंदणी हे सारे त्याशिवाय. २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून घरोघर ताप मोजीत हीच बाई हिंडली, आणि त्या काळात लोकांनी तिला दारात उभे करून घेतले नाही हेही आपण पाहिले आहे.

आणि रात्र? घोड नदीच्या काठी पिंपरखेड-जांबूतच्या उसात बिबट्या आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या भागात त्याने अवघ्या काही आठवड्यांत तीन माणसे मारली, त्यांत लहान मुले होती. त्याच उसाच्या बांधावरून, कळा सुरू झाल्याचा निरोप आला की, १०८ ची गाडी पक्क्या सडकेवर येईतो आशाने वस्ती गाठावयाची. २०२४ साली शासनाने अपघाती मृत्यूस दहा लाख व कायमच्या अपंगत्वास पाच लाख देण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. मेल्यावर तिची किंमत ठरली. जिवंतपणीच्या तिच्या तासाची किंमत तेवढी ठरावयाची राहिली.

दुसरा आक्षेप असा की, तिला पगारी नोकर केले तर तीही इतर काही नोकरदारांप्रमाणे कामचुकार होईल. हा आक्षेप बहुधा पगारी मनुष्यच घेतो, ही त्यातील गंमत. स्वतःचा पगार आपल्याला आळशी करीत नाही आणि तिचा तिला करील, या समजुतीत जे दडलेले आहे ते आपल्या ओळखीचे आहे. पोट भरले की अमुक जात काम करीत नाही, असे आमच्या वाडवडिलांविषयी हेच तोंड बोलत होते.

कायद्याच्या दृष्टीने ही मागणी आकाशीची नव्हे. २०१३ च्या मे महिन्यात भरलेल्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने, जिच्यात सरकार, मालक व कामगार असे तिन्ही पक्ष बसतात, योजनांवरील सेविकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी व किमान वेतन द्यावे अशी शिफारस केली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनिसांना उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निकाल दिला. मानधन म्हटल्याने ते वेतन नव्हे असे होत नाही, ही त्या निकालाची दिशा आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. शेजारच्या पाकिस्तानाने आपल्या अशाच आरोग्य सेविकांना २०१२ साली नियमित सेवेत घेण्याचे ठरविले. आमच्याकडे पुरस्काराची छायाचित्रे निघाली.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती विशेषेकरून आपली आहे. धर्मांतरामुळे बौद्धांच्या सवलती केंद्राने रोखून धरल्या होत्या. त्या १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, आणि त्यासाठी एक पिढी झिजली. पण ज्या पदाला सरकार 'पद' म्हणतच नाही, त्याची बिंदुनामावली कसली आणि राखीव जागा कसली? ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर सरकारी मनुष्यबळ खाजगी संस्थांमार्फत घेण्याचा घाट घातला होता; ओरड झाली म्हणून पुढच्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला. आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिका, तंत्रज्ञ यांची कथा निराळी नाही. दहा वर्षे सेवा झालेल्यांना शासनसेवेत सामावून घेण्याचा निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला, आणि त्याच्याच अंमलबजावणीसाठी १९ ऑगस्ट २०२५ पासून त्यांना संपावर जावे लागले. परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या आपल्या लेकींनी दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा यवतच्या ग्रामीण रुग्णालयात कायम परिचारिका म्हणून उभे राहावे, की दर वर्षी नेमणुकीच्या नूतनीकरणाचा कागद घेऊन दाराशी ताटकळावे, हा प्रश्न आपल्या घरातील आहे.

आता थोडे कडू बोलावयाचे आहे. रेल्वेत, बँकेत, शाळेत कायम नोकरी मिळालेले आपले पुष्कळ बंधू आशांच्या संपाच्या वेळी काय बोलत होते ते आमच्या कानी आहे. लसीकरण अडले, पोरांचे हाल झाले, या बायांना माज आला, इत्यादी. अर्ध्या रात्री दार ठोठावताना ती 'ताई' असते; मोर्चात गेली की 'त्या बाया' होतात. आपल्या स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठीत जो महागाई भत्ता आहे तो कोणाच्या संपाने मिळाला, याची चौकशी या बंधूंनी एकदा करावी. आणि विहारात वर्षावासाचे प्रवचन ऐकून घरी परतताना, ज्या आशाला गावातील काही घरे अजून माजघरात येऊ देत नाहीत तिला आपल्या घरी बसावयास पाट मिळतो की ती उंबऱ्याशीच उभी राहून नोंद करते, तेही पाहावे.

तेव्हा करावयाचे ते असे. येत्या ग्रामसभेत, ती २६ जानेवारीची असो, १ मेची असो, १५ ऑगस्टची असो वा २ ऑक्टोबरची, विषयपत्रिकेवर हा ठराव घ्यावयास लावा: आमच्या गावच्या आशा व गटप्रवर्तक यांना कामगार म्हणून मान्यता देऊन किमान वेतन द्यावे, मोबदला दर महिन्याच्या ठराविक तारखेस जमा व्हावा, रात्री बोलावणे आल्यास वाहन मिळावे. मांडणारी स्त्री असावी, अनुमोदन दुसऱ्या वस्तीतील माणसाने द्यावे, म्हणजे हा एका समाजाचा हट्ट असे कोणास म्हणता येणार नाही. ग्रामपंचायत अधिकारी ठराव इतिवृत्तात लिहीपर्यंत उठू नये. एक प्रत पंचायत समितीस व एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यास समक्ष नेऊन द्यावी, आणि पोच घेतल्यावाचून परत येऊ नये.