चपळ नायक, अचल व्यवस्था

न्याय मागण्याचे सरळ मार्ग सामान्य माणसाला लांबचे, खर्चाचे आणि बहुधा व्यर्थ वाटू लागले, की त्या समाजात महानायकांच्या कथांना भरती येते. महामंदीने पिचलेल्या अमेरिकेत १९३८ साली चित्रकथेच्या पानांवर सुपरमॅन अवतरला, तो याच भूमीतून. त्याच्या आरंभीच्या कथांत मजुरांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणमालक होता, भ्रष्ट राजकारणी होते. या नायकाचे हक्क मात्र जेरी सिगेल आणि जो शुस्टर या त्याच्या तरुण निर्मात्यांनी अवघ्या १३० डॉलरना विकले. पुढे सुपरमॅनवरच्या भव्य चित्रपटाची तयारी सुरू झाली, तेव्हा त्यांना निवृत्तिवेतनासाठी आणि श्रेयनामावलीतल्या आपल्या नावासाठी झगडावे लागले. अन्यायाचा वैरी म्हणून जन्मलेला नायक बाजाराच्या दावणीला कसा बांधला जातो, याचा हा जुना दाखला आहे. पुण्याच्या मातीतला एक नायक पडद्यावर आला तेव्हा त्याचे काय झाले, हे तपासताना तो ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा रूढ अर्थाने महानायक नव्हे. इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ नंतर मराठी मुलांच्या भेटीला आलेल्या वेताळाला जंगलाचे साम्राज्य होते, खजिना होता, पिढ्यान्‌पिढ्यांची दंतकथा होती. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेल्या बनेशपाशी होती एक सायकल, चौकस नजर आणि जिभेने काढलेला ‘टॉक्’ हा आवाज. किडकिडीत अंगाचा, गावाकडचा हा मुलगा कोणत्याही अलौकिक सामर्थ्याविना संकटांना भिडतो, यातच त्याची लोकशाही थोरवी होती. ज्याला सायकल मिळू शकते, त्याला बनेश होता येते. नायकपणाची इतकी स्वस्त आणि इतकी उदार कल्पना मराठीत विरळाच. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो घराघरांत पोहोचवला. २०१७ च्या ऑक्टोबरात आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला, आणि त्यात अमेय वाघने तरुण बनेश उभा केला.

या चित्रपटाचे पहिले आणि मोठे बळ म्हणजे त्याने निवडलेला शत्रू. चित्रपटातला बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो. तिथे ओळख झालेला एक मुलगा लगोलग मरण पावतो, आणि आत्महत्या म्हणून प्रकरण बंद होऊ पाहते. बनेशला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता तो परीक्षांचा बाजार मांडणाऱ्या टोळीपर्यंत पोहोचतो. चोर, दरोडेखोर किंवा परदेशी हेर असे सोयीचे शत्रू हाताशी असताना लेखक-दिग्दर्शकांनी विद्येच्या व्यापाराकडे बोट दाखवले, याचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे. गिरीश कुलकर्णींचा थंड डोक्याचा अप्पा ही या चित्रपटाची दुसरी जमेची बाजू. खुद्द भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकरांना आणून लेखकाला त्याच्या मानसपुत्राच्या घरातच मानाचे स्थान दिले, हे तिसरे बळ. सिगेल-शुस्टर यांच्या वाट्याला जे इतक्या उशिरा आले, ते इथे आपणहोऊन दिले गेले.

विषयाची निवड किती अचूक होती, हे पुढच्या वर्षांनी दाखवून दिले. मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळ्याचा तपास २०१५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला होता. त्यात तोतये परीक्षार्थी होते आणि संशयास्पद मृत्यूही होते. २०२१ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहाराच्या प्रकरणी पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. ज्या परीक्षेतून उद्याचे शिक्षक निवडायचे, तिच्यावरच हा डाग पडला. २०२४ साली ‘नीट’ परीक्षेचे प्रकरण देशभर गाजले आणि त्याचे धागे लातूरपर्यंत पोहोचले.

आणि इथेच चित्रपटाची उणीव उघडी पडते. त्याने रोग ओळखला, पण तो एका माणसाच्या देहात कोंडला. अप्पाचा पाडाव झाला की प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. पण अप्पा हे कारण नव्हे, ते फलित आहे. २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी ‘नीट’ दिली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या जेमतेम लाखभर. त्यातल्या जवळजवळ निम्म्या खासगी महाविद्यालयांतल्या, सामान्य घराला न परवडणाऱ्या. जिथे टंचाई इतकी तीव्र आणि हाव इतकी धनवान, तिथे एक अप्पा गेला तर दुसरा उगवतोच. विक्रेत्याचा चेहरा चित्रपटात ठसतो, खरेदीदाराचा तितका ठसत नाही. आणि जागा विकत घेणारा प्रतिष्ठित वर्ग तर चित्रपटगृहात शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो.

चित्रपट म्हणजे प्रचारपत्रक नव्हे, दोन-अडीच तासांच्या रंजनात शिक्षणव्यवस्थेची चिकित्सा कशी मागता येईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. व्याख्यानाची अपेक्षा कोणी करू नये. परंतु शेवटी एखादा प्रश्न खुला ठेवणे रंजनालाही जमते. उत्तर देऊन टाळ्या मिळतात. प्रश्न ठेवला तर प्रेक्षक तो घरी घेऊन जातो.

दुसरी उणीव बालवाचकांच्या बाजूची. बनेशला महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर आणल्याने कथेला गुन्हेगारीची धार आली, पण शाळकरी मुलांचा फेणे त्यांच्या हातून निसटला. मुलांसाठी सकस मराठी चित्रपट मुळात थोडे. त्यांच्या हक्काचा नायकही मोठ्यांनी उचलून नेला, तर त्यांच्या वाट्याला उरतात ते परदेशी महानायक आणि त्यांची खेळणी.

फेण्याच्या गावाची कथा तर अजून सांगायचीच आहे. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहराला त्यांची दखल घ्यावी लागली. चित्रपट झळकला त्याच ऑक्टोबरात ही गावे महापालिकेत गेली. २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. त्या आंदोलनात एकटा चपळ नायक कोणी नव्हता. होती ती गावची माणसे, एकत्र आलेली आणि रस्त्यावर ठाम बसलेली. फेण्याचा पुढला चित्रपट काढण्याची उमेद कोणी बाळगून असेल, तर त्याने बनेशची सायकल एकदा फुरसुंगीच्या दिशेने वळवावी. तिथे त्याला वेगाने धावण्याची गरज भासणार नाही. गावकऱ्यांच्या रांगेत बसावे लागेल, इतकेच.