ओपन सोर्सचे तळे खुले आहे, पण काठावर आपण कुठे आहोत?

एटापल्लीचे नाव बातम्यांत येते ते बहुतेक सुरजागडच्या लोहखनिजामुळे. इथल्या तरुणांच्या रोजगाराची चर्चाही खाण, ट्रक आणि पोलीस भरतीपलीकडे फारशी जात नाही. संगणकशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलांपुढे प्रश्न वेगळा असतो. पदवी हाती असते, पण मुलाखतीत ‘आजवर काय काम केले?’ असे विचारले की दाखवायला काही नसते. इंटर्नशिप मिळवून देणारी ओळख आपल्या घरांत नाही. म्हणून ओपन सोर्सकडे गांभीर्याने पाहायला हवे, असे आम्ही म्हणतो.

ओपन सोर्स म्हणजे कुणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येईल असे सॉफ्टवेअर. त्यात शिरायला मोठा प्रोग्रॅम लिहावा लागतो, हा गैरसमज आहे. ‘टीएलडीआर पेजेस’ हा २०१३ पासून चाललेला प्रकल्प पाहा. टर्मिनलवर द्यायच्या कमांडची ही छोटी संदर्भपाने. एका कमांडला एक पान. वर तिचे काम एक-दोन ओळींत, खाली जास्तीत जास्त आठ उदाहरणे. गिटहबवर मोफत खाते काढून ब्राउझरमधूनच बदल सुचवता येतो. प्रकल्प सांभाळणारे तो तपासतात, दुरुस्त्या सांगतात, मग स्वीकारतात. हिंदी, बंगाली, तमिळ पानेही आहेत. भाषांतर हेही योगदानच. स्वीकारलेला बदल तुमच्या नावानिशी, तारखेसह नोंदला जातो. त्याला कुणाची शिफारस लागत नाही.

पण परवानगी असणे आणि प्रवेश मिळणे यांत फरक आहे, हे आपल्याला महाडने शिकवले. चवदार तळे नगरपालिकेच्या ठरावाने आधीच खुले झाले होते. तरीही अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा तो कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आला. ओपन सोर्समध्ये ठरावाची जागा परवान्याने घेतली आहे. अडवणारे मात्र वेगळे: इंग्रजी, कमकुवत नेटवर्क, लॅपटॉपचा अभाव. शिवाय हे काम बिनपगारी. शेतीवर किंवा मजुरीला जाणाऱ्या मुलाकडे त्यासाठी मोकळा वेळ कुठून येणार? हा प्रश्न टाळून केवळ ‘योगदान द्या’ म्हणणे अन्यायाचे आहे.

संख्येच्या मागे लागण्याचा धोकाही आहे. दर ऑक्टोबरच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात २०२० साली टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा पूर आला. प्रकल्प चालवणारे वैतागले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. दहा पोकळ बदलांपेक्षा स्वतः चालवून तपासलेले एक उदाहरण मोलाचे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आजचा गडचिरोली जिल्हा चांदा जिल्ह्यातच होता. त्या दिवसाच्या निमित्ताने बुद्धविहारांनी आणि वाचनालयांनी एवढे करावे: एक सामायिक लॅपटॉप, इंटरनेट आणि आठवड्यातून दोन तास. नोकरी करणाऱ्या आपल्या अभियंत्यांनी पहिला बदल पाठवण्यापूर्वी तो तपासून द्यावा. माडिया, गोंड मित्रांनाही सोबत घ्यावे. वर्गणीतून मिरवणूक निघते, तर लॅपटॉपही येऊ शकतो.

जय भीम!