तिकटीला नंबर द्या, रस्ता आहेच

नृसिंहवाडीच्या रस्त्याचा विषय निघाला की बोलणे रुंदीकरण आणि पार्किंगवर येऊन थांबते. पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सलग सुट्ट्यांना गाड्यांची रांग लागते, म्हणून रस्ता मोठा करायचा. रस्ता मोठा झाला की आणखी गाड्या येतात, म्हणून वाहनतळ मोठा करायचा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या सुमारे ८०० किलोमीटरच्या आराखड्यात जी देवस्थाने जोडायची म्हणून सांगितली गेली, त्यांत वाडीचेही नाव आले आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्या महामार्गाला कडाडून विरोध केला. या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली आहे. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून पंचगंगेच्या काठाकाठाने वाडीपर्यंत आणि तिथून कृष्णेकाठी खिद्रापूरपर्यंत सायकलने जाता येईल अशा गावरस्त्यांची साखळी आजच अस्तित्वात आहे. तिच्यासाठी एक गुंठाही जमीन घ्यावी लागणार नाही. ती अनोळखी माणसालाही सापडेल अशी करणे आणि तिची साइडपट्टी भरणे, एवढेच काम आहे. ते जिल्हा परिषदेने आणि पर्यटन खात्याने हाती घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

कोल्हापुरात हौशी सायकलस्वारांची वाण नाही. पण त्यांची पहाट पन्हाळा नाहीतर जोतिबाच्या चढाला जाते. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे. वर पोचायचे, चहा प्यायचा, उतारावर हात ब्रेकवर ठेवून परत शहरात यायचे. चढाची नशा मोठी असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाट संपला की सायकलिंग संपले, ही समजूत मात्र चुकीची आहे. पन्हाळ्याच्या कुशीत पाऊस पडतो तो कासारीतून खाली येतो. कुंभी, तुळशी आणि भोगावती तिला मिळतात, प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते आणि सुमारे ८० किलोमीटर वाहून ती वाडीला कृष्णेत विसावते. नदी उतार शोधत जाते, म्हणून तिच्या काठचा रस्ता पायांना सोसतो. युरोपात डॅन्यूबच्या काठाने पासाऊ ते व्हिएन्ना ही सुमारे ३०० किलोमीटरची सायकलवाट एवढी लोकप्रिय झाली, त्यामागेही हेच साधे कारण आहे. आजोबा आणि नात दोघांनाही ती झेपते. आपल्याकडच्या वाटेला त्याहून एक गोष्ट जास्त आहे. पन्हाळ्याचा किल्ला शिलाहारांचा आणि खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिरही शिलाहारांच्याच काळातले, बाराव्या शतकातले. एकाच राजवटीचे डोंगरावरचे आणि मळीच्या रानातले असे दोन ठसे एका वाटेच्या दोन टोकांना आहेत.

मधल्या गावांचे काय, हा खरा प्रश्न आहे. मोटारीतून येणारा माणूस वाडीला उतरतो, पादुकांचे दर्शन घेतो, पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी बांधून घेतो आणि आल्या रस्त्याने परततो. अवघ्या तीन-चार किलोमीटरवरच्या कुरुंदवाडला त्याची गाडी थांबत नाही. पटवर्धन संस्थानिकांच्या या गावाला कृष्णेचा देखणा घाट आहे, नदीकाठी संताजी घोरपड्यांची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे, आणि मशिदींत गणपती बसवण्याची प्रथा आजही चालू आहे. जवळच हेरवाड आहे, जिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याच्या, कुंकू पुसण्याच्या प्रथेविरुद्ध ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. सैनिक टाकळी आहे, जिचे नावच तिथल्या घराघरांतून फौजेत गेलेल्या माणसांमुळे पडले. वाडीसमोर कृष्णेपलीकडे औरवाडचा अमरेश्वर आहे. आणि खिद्रापूर! कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही. वर्तुळाकार मोकळी जागा, तिच्याभोवती बारा खांबांचे कडे, खाली तेवढ्याच घेराची अखंड गोल शिळा. उन्हाचा गोल त्या शिळेवरून सरकताना पाहायचा तर तिथे तासभर बसावे लागते. पुढे नंदी नाही; तो पलीकडे यडूरला आहे असे गावकरी सांगतात. अशा गोष्टी ऐकायला थांबावे लागते. बाहेर गाडी चालू ठेवून आलेल्याला ते जमत नाही; तहान लागली म्हणून पारावर सायकल टेकवणाऱ्याला सहज जमते. आणि जो थांबतो त्याचे दहा-वीस रुपयेही त्याच गावात राहतात.

यासाठी नवे काय बांधायचे? जवळजवळ काही नाही. बेल्जियमच्या लिंबर्ग प्रांतात १९९२मध्ये शेवटची कोळसा खाण बंद पडली. पुढच्या तीनच वर्षांत, १९९५मध्ये, ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याच्या कल्पनेतून तिथे सायकलवाटांचे जाळे उभे राहिले. खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना जसे नंबर असतात तसे नंबर गावरस्त्यांच्या फाट्यांना द्यायचे आणि प्रत्येक पाटीवर पुढच्या नंबरांचे बाण दाखवायचे, एवढीच ती युक्ती. कागदावर पाचसहा आकडे लिहून घेतले की परका माणूस न विचारता दिवसभर फिरून घरी येतो. आज ते जाळे सगळ्या फ्लँडर्सभर आणि नेदरलँड्सभर पसरले आहे. आपल्याकडे तर फाट्याला तिकटी असा नेमका शब्द कोल्हापूरकरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिकटीला नंबर द्या, झाले. नदी ओलांडायला कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेतच. बरगे घालून पाणी अडवायला बांधलेल्या या बंधाऱ्यांवरून माणसे, सायकली, मोटारसायकली वर्षानुवर्षे जा-ये करत आल्या आहेत. मोठ्या गाडीला अरुंद पडणारी ही वाट सायकलला मात्र पुरून उरते.

पहिला आक्षेप येईल तो उसाचा, आणि तो खोटा नाही. सायकलला सगळ्यात सोसवणारे महिने म्हणजे दिवाळीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे. नेमका तोच गळीत हंगाम. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यातून दोन्ही बाजूंना डोकावणारे वाढे, मागे लाल दिवा नाही, रस्त्यावर सांडलेला ऊस. पण या आक्षेपाचे उत्तर सायकल नको असे कसे देता येईल? शाळेला जाणारी मुलगी, किटली लावून डेअरीकडे निघालेला माणूस, भांगलणीला जाणारी बाई आजही याच रस्त्यावर आहेत, आणि धोका त्यांना रोजचा आहे. तो धोका कशाने वाढतो हे वाकून पाहिले तर लगेच दिसते. डांबराचे थर एकावर एक चढत जातात आणि साइडपट्टी तशीच खाली राहते. डांबराची कड वीतभर उंच होते. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न आला की मोटारसायकलवाला कसाबसा खाली उतरतो. सायकलवाल्याचे बारीक चाक त्या कडेला घासते आणि तो पडतो, कधी खाली, कधी ट्रॉलीकडे. मुरूम टाकून, रोलर फिरवून ती साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणणे आणि प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लागल्याशिवाय ती गाडीतळाबाहेर न सोडणे, ही दोन कामे सायकलवाटेच्या निमित्ताने झाली तर त्यांचा पहिला लाभ पाहुण्यांना नव्हे, गावच्याच माणसांना मिळेल.

दुसरा आक्षेप पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांनी शिरोळ तालुक्याला जे दाखवले ते विसरण्याजोगे नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी गाठली की खालच्या गावांच्या काळजाचे ठोके वाढतात. पण हा मुद्दा सायकलवाटेच्या विरोधात नाही, तिच्या बाजूने जातो. मोठा रस्ता पाण्यावर राहावा म्हणून भराव घालावा लागतो, आणि भराव पुराचे पाणी तुंबवतो, ही तर इथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. जमिनीच्या पातळीवरचा गावरस्ता पावसाळ्यात पाण्याखाली जाईल, पाणी ओसरले की पुन्हा उघडा पडेल. वाडीचे देऊळ तरी दुसरे काय करते? पाणी उत्तरेकडून आत येते, पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर जाते आणि लोक त्या सोहळ्याला स्नानासाठी धावतात. जे गाव पाण्याला वाट देऊन शतके टिकले, त्याच्याकडे जाणारी वाट चार महिने बंद राहिली तर बिघडत नाही.

वाडीला येणाऱ्यांत वृद्ध असतात, आजारी असतात, नवसाचे तान्हे मूल घेऊन आलेली आई असते. त्यांना सायकल दाखवायची का, असेही विचारले जाईल. मुळीच नाही. त्यांच्यासाठी एसटी आणि मोटारी राहाव्यात, आणि धडधाकट माणसांतले थोडे जरी सायकलवर आले तर त्यांची वाट तेवढी मोकळी होईल. सायकलने जाणे म्हणजे यात्रेची सहल करणे, ही शंका मात्र मला पटत नाही. दत्तसंप्रदायाची परंपराच चालण्याची आहे. वाडीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, भारतभर पायी फिरले. आजही पौर्णिमेला चालत वाडी गाठणारे लोक आहेत. अंगाला घाम येईल असे काही करून देवापाशी पोचणे हे इथल्या भक्तीला नवे नाही.

राहता राहिली नदी. ही वाट आखताना एक मोह होईल, तो आधीच सांगून ठेवतो. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेचे पाणी काळे पडते, जलपर्णी दाटते, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा येतात. पाहुण्यांना हे नको दिसायला म्हणून पाटी पलीकडच्या रस्त्यावर लावू, वाट दोन किलोमीटर फिरवून नेऊ, असे कुणीतरी सुचवेल. तसे करू नये. मोटारीची काच वर असते, पुलावरून नदी ओलांडायला काही सेकंद लागतात आणि वासही येत नाही. सायकलवाला बंधाऱ्यावरून जातो तेव्हा ते पाणी त्याच्या पायाखाली असते. वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला पाहिलेली नदी ती हीच का, असे तो विचारणार, आणि वाडीला पोचून त्याच पाण्यात हात घालताना पुन्हा विचारणार. तेरवाडच्या बंधाऱ्याजवळच्या तिकटीलाही नंबर द्यावा, आणि तिथल्या पाटीवर वाडी किती किलोमीटर राहिली ते ठळक अक्षरांत लिहावे.