शेजारच्या घरातला प्रश्न

रे रोडच्या आसपास आपली वस्ती आणि ख्रिस्ती वस्ती एकमेकांपासून फार लांब नाही. रविवारी आपण विहारात वंदनेला बसतो, ते डॉकयार्डच्या रोझरी चर्चमध्ये किंवा भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमध्ये मिस्साला जातात. मुंबईच्या ख्रिस्ती समाजात नगरकडून आलेली, मूळची आपल्यासारखीच गावकुसाबाहेरची कुटुंबेही आहेत.

चर्चच्या दारात जात गळून पडते काय? नाही. डिसेंबर 2016 मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांनी दलितांविषयीचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. 27 ऑगस्ट 2022 रोजी हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. धर्मसेवा प्रार्थनेपुरती न राहता माणसाच्या मानापर्यंत पोहोचली पाहिजे, ती ही अशी.

सरकारदरबारी मात्र 1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींना धर्माची अट घातली. शीख 1956 मध्ये यादीत आले, आपण बौद्ध 1990 मध्ये. धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या दारात आपण 34 वर्षे उभे होतो. दार उघडले तेव्हाही ख्रिस्ती बाहेरच राहिले.

'वाटेकरी वाढतील' असे आपल्यात बोलले जाते. भीती खोटी नाही, नोकऱ्या थोड्या आहेत. म्हणून टक्केवारी वाढवण्याची मागणीही सोबत हवी. पण धर्म बदलला म्हणून सवलत बंद, हा अन्याय आपण सोसला आहे. तोच शेजाऱ्याच्या वाट्याला आला असता गप्प बसणे धम्माला शोभत नाही. बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारात हा विषय जरूर घ्या. जयभीम!