सवलतीची दिवाळी, व्याजाचा शिमगा

कोजागरी सरली, सप्तशृंगगडावरची गर्दी ओसरली, की दिवाळीपर्यंतचा पंधरवडा कळवणच्या बाजारपेठेचा असतो. निदान आजवर तो असे. चाळीत राखून ठेवलेला उन्हाळ कांदा बाजार समितीत जातो, हाती पट्टी येते आणि तिच्यातून लेकरांचे कपडे, घरातील भांडी, लेकीचा दिवाळसण असे एकेक मार्गी लागते. ज्यांची शेती नाही ते वर्षभर भिशी भरतात आणि वसुबारसेच्या आधी ती उचलतात. आधी साठवण, मग खरेदी, असा हा साधा क्रम आहे. अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता तो पिढ्यान्पिढ्या पाळला गेला.

हा क्रम उलटा करण्याचे काम आता मोठ्या गोडीगुलाबीने चालले आहे. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत दसऱ्यापासूनच 'कार्ड वापरा, सणात पैसे वाचवा' असा उपदेश सुरू होतो. अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के तात्काळ सूट, तमुक कार्डावर कॅशबॅक, शिवाय प्रत्येक शंभर रुपयांमागे गुण. जणू न घेणारा तो मूर्ख! शाळा, दवाखाना, पतसंस्था अशा ठिकाणी नोकरी करणारा कळवणचा मध्यमवर्गही या उपदेशाला भुलू लागला आहे. दूरचित्रवाणी संच आता पेठेतून येत नाही, तो कुरिअरच्या गाडीतून येतो.

या बचतीचा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे. समजा, ४०,००० रुपयांचा संच घेतला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दहा टक्के लिहिलेले असले, तरी बारीक अक्षरांत 'कमाल १,५०० रुपये' अशी मर्यादा असते. म्हणजे ३८,५०० रुपये कार्डावर चढले. महिनाअखेरीस बिल येते आणि त्यात 'किमान देय रक्कम' म्हणून साधारण पाच टक्क्यांचा आकडा ठळकपणे छापलेला असतो. सणाच्या ओढाताणीत कुटुंब तेवढेच भरते, आणि येथेच सापळा मिटतो. बिनव्याजी मुदत संपुष्टात येते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून धरले जाते. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला, तर एका महिन्याचे व्याज सुमारे १,३४७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, असे मिळून १,५९० रुपये होतात. दीड हजारांची सवलत पहिल्याच महिन्यात फिटली. पुढचे सारे महिने बँकेचे. शिवाय जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्याने घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, हे पुरवणीतील सल्लागार क्वचितच सांगतात.

'बिनव्याजी हप्ता' ही तर शुद्ध शब्दांची जादू. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही आणि ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड वसूल होते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ रोजीच बँकांना ठणकावले होते. 'शून्य टक्के' हे नाव मागे पडले आणि 'नो कॉस्ट ईएमआय' हे नवे नाव पुढे आले. व्याजाएवढी सूट किमतीत दाखवायची, व्याजावरील जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क मात्र ग्राहकाकडून घ्यायचे, असा हा मामला आहे. दराला लगाम घालण्याचा प्रयत्नही टिकला नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द ठरवला. ज्या सावकाराला आपल्या कथाकादंबऱ्यांनी खलनायक ठरवले, त्याच्याहून हा दर फार कमी आहे असे कोणी म्हणू नये.

शेतीवर विसंबलेल्या घराला तर हा सापळा अधिकच जाचक. २०२३ सालचे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. त्या खरेदीची बिले फेडायची ती नोव्हेंबर-डिसेंबरात, लाल कांद्याच्या पैशातून. तो बाजारात येऊ लागला असतानाच ७ डिसेंबर रोजी निर्यातबंदी जाहीर झाली आणि भाव कोसळले. ती बंदी पुढच्या वर्षी ४ मे रोजी उठली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे नको. परंतु पेठेतला दुकानदार ती बातमी वाचून 'राहू द्या दादा, पुढच्या कांद्यावर बघू' असे म्हणू शकतो. त्याच्या चोपडीला कांद्याचा भाव कळतो. कार्डाच्या संगणकाला फक्त तारीख कळते.

यावर हुशार वाचकाचा आक्षेप ठरलेला आहे: 'आम्ही प्रत्येक महिन्याला पूर्ण बिल भरतो, आम्हांला निव्वळ लाभच होतो.' हे खरे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील कार्डव्यवसायात अशा चोख ग्राहकाला 'डेडबीट', म्हणजे जवळपास बुडव्या, असे हिणवतात; कारण त्याच्याकडून व्याज मिळत नाही. पण मग त्याचा लाभ येतो कोठून? एक वाटा येतो तो किमान रक्कम भरून अडकलेल्या शेजाऱ्याच्या व्याजातून. दुसरा येतो दुकानदाराकडून कापल्या जाणाऱ्या, साधारण दोन टक्क्यांच्या घरातील, कमिशनातून. दुकानदार ते कमिशन किमतीत मिसळतो, आणि ती किंमत रोख देणारा आदिवासी शेतकरीही मोजतो. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली अमेरिकेचा हिशेब मांडला तेव्हा असे आढळले, की रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर गमावते आणि कार्डधारक कुटुंबाला १,१३३ डॉलर मिळतात. गरिबाच्या खिशातून सुखवस्तूच्या खिशात जाणाऱ्या या पैशाला तेथे 'रिवॉर्ड' म्हणतात. पुरणपोळी आपल्या ताटात, तूप मात्र शेजाऱ्याचे!

पेठेवरील आघात निराळाच. बड्या ऑनलाइन कंपन्यांच्या मंचांवर बँका देत असलेल्या खास सवलतींविरुद्ध 'कॅट' या व्यापारी महासंघाने २०२० च्या डिसेंबरात अर्थमंत्र्यांकडे तक्रार केली होती. तीच वस्तू गावात घेतली तर सूट नाही आणि अमेरिकी मालकीच्या मंचावर घेतली तर आहे, हा पक्षपात कोणत्या न्यायाचा? गंमत अशी, की भारतात क्रेडिट कार्ड प्रथम आणले ते १९८० साली सेंट्रल बँकेने. १९११ साली सोराबजी पोचखानवालांनी स्वदेशीच्या भावनेतून उभारलेली ही बँक! साधन वाईट नसते, ते कोणाच्या हाती वळते याला महत्त्व असते.

मग सणात पैसे वाचवूच नयेत काय? अवश्य वाचवावेत. महाराष्ट्राने त्याची रीत अर्धशतकापूर्वीच घालून दिली आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचे काम पुण्यात सुरू केले. पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिच्या उभारणीत सुधीर फडके यांच्यासारखा कलावंतही होता. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, यादी एकत्र भरायची, माल घाऊक दराने आणायचा आणि वाटप स्वतःच्या हातांनी करायचे. सवलत मिळते, पण ती कोणाच्या व्याजातून येत नाही.

कळवणमध्ये हे करणे मुंबईहून सोपे आहे. एका आळीतील दहा घरांनी नवरात्रातच यादी करून पेठेत जावे आणि रोख किंवा यूपीआयने पैसे देऊ असे सांगावे. यूपीआयवर दुकानदाराला २०२० पासून कमिशन पडत नाही. कार्डाचे वाचलेले ते दोन टक्के त्याच्याकडे हक्काने मागावेत. दहा घरांची खरेदी एकदम आली तर तो थोडे अधिकही सोडेल, आणि डिसेंबरात ते परत मागायला येणार नाही.